बर्डीवर रंग, सदर साफ

दिवाळी अंकाच्या संपादकसाहेबांचं पत्र आलं. 'आपल्या औद्योगिक जीवनाचा आलेख वाचकांपुढे मांडावा.' आलेख! अहो, मी मिस्त्री माणूस. माझ्या आयुष्यात आलेख एकच, डाव्या अंगठ्यावरचा, आणि तो छिन्नी सटकून उमटलेला आहे. मी कुठे लागलो, कुठून सुटलो, फोरमन कधी झालो, हे ऐकून तुमचा फराळ काही गोड लागायचा नाही. त्यापेक्षा एका शिकंज्याची गोष्ट सांगतो. ती आठवली की मला आजही एकट्याला हसू येतं आणि घरातले एकमेकांकडे पाहतात.

शिकंजा म्हणजे लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत गच्च धरून ठेवणारं साधन. शिकलेले त्याला व्हाइस म्हणतात. आमचे गिरधारी उस्ताद बांक म्हणत. ते मूळचे जबलपूरकडचे. नागपुरात येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण बोलणं अजून अर्धं तिकडचं आणि अर्धं इकडचं.

काळ लढाईचा. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं. गणेशपेठेत अण्णांचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल, एक भट्टी आणि आम्ही सात-आठ माणसं. काम बहुतेक कापसाच्या जिनिंगचं. बाकी मग कोणाचा सोड्याचा पंप, कोणाची पिठाची चक्की. एकदा तर एक बँडवाला क्लॅरिनेटची मोडकी चावी घेऊन आला, आणि 'वरात उभी आहे हो' म्हणून दारातच रडायला लागला. त्याचंही काम आम्ही करून दिलं. नाही म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती.

मी तेव्हा तिशीला टेकलो होतो. हात बरा, तोंड त्याहून दांडगं.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडी अण्णांनी कामठीच्या एका लिलावात छोटं मिलिंग मशीन घेतलं. बैलगाडीतून ते दाराशी आलं आणि अख्खी गल्ली गोळा झाली. मिलिंग म्हणजे काय ते सांगतो. लेथवर काम फिरतं आणि हत्यार जागच्या जागी असतं. मिलिंगवर उलटं. दातेरी चाकासारखं कटर गरगर फिरतं, आणि काम एका टेबलावर पकडून हळूहळू त्याच्या खाली सरकवायचं. आता त्या टेबलावर काम पकडायचं कशात? तर शिकंज्यात. पकड केसभर ढिली पडली तरी काम उडतं, कटरचा दात तुटतो, आणि नशीब वाईट असलं तर मिस्त्रीचाही.

मशीन उतरवलं, पुसलं, मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "अण्णा, शिकंजा कुठं आहे?"

अण्णा मशीनकडे बघत राहिले. "लिलावात मशीन पुकारलं होतं गा. शिकंजा नव्हता पुकारला."

झालं! उस्ताद म्हणाले, "बांक बिना मशीन म्हणजे जबड्याबिना कुत्रा. भुंकते, पण चावत नाही."

मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की माल विलायतेहून येतो, विलायतेची जहाजं येत नाहीत, लढाई संपल्यावर कळवू. आता लढाई आमच्या शिकंज्यासाठी थोडीच संपणार होती!

आणि घाई तर भलतीच होती. काटोलकडच्या एका जिनिंगचे मॅनेजर गोविंदराव यांनी चाळीस दांड्यांचं काम दिलेलं होतं. प्रत्येक दांड्यावर चाक घट्ट बसावं म्हणून एक लांबट खाच पाडावी लागते. त्या खाचेत लोखंडी चावी ठोकली की चाक दांड्यावरून घसरत नाही. गोविंदरावांनी बजावलं होतं, "दसऱ्याला येतो. मशीन चालू दिसलं तर ठीक. नाही तर दांडे उचलून दुसरीकडे नेतो. दिवाळीत माझी जिनिंग सुरू झाली पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, मशीन येण्याआधी खाचा कोण पाडत होतं? गिरधारी उस्ताद. छिन्नी आणि कानस, बस्स. एका दांड्याला अर्धा दिवस. पण खाच अशी की चावी नुसत्या अंगठ्यानं आत जावी आणि हातोड्याशिवाय बाहेर येऊ नये. मग मशीनची नड काय? ती नड अण्णांना वाटत होती त्याहून मोठी होती, आणि ती फक्त मला माहीत होती.

उस्तादांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस उभा आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. त्यांच्या मोठ्या भावानं रस्त्यावरच्या वैदूकडून मोतीबिंदू काढून घेतला होता आणि डोळाच घालवला होता. त्यामुळे डॉक्टरचं नाव काढलं तरी ते उठून जात. दांड्यावर खाचेची रेघ मी आखायचो, छिन्नी ते चालवायचे, आणि कोणी पाहत नाही असं बघून मी माप घ्यायचो. असे चार-सहा दांडे निभतात. चाळीस कसे निभणार?

अण्णा वाईट माणूस नव्हते. पण त्यांचा एक नियम होता. ज्याचा हात किंवा डोळा गेला त्याला मानानं घरी बसवायचं. आदल्या वर्षी भट्टीवरच्या म्हाताऱ्या लोहाराला शाल पांघरून असंच घरी पाठवलं. तो बिचारा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'भट्टी पेटली काय गा?' विचारायचा. ते पाहून उस्ताद मला म्हणाले होते, "सदा, मेरे को घर बिठाया ना, तर महिन्याभरात मरतो मी. तुले सांगून ठेवतो."

म्हणून मला ते मशीन हवं होतं. मशीन चालू झालं की खाचांचं काम त्याच्यावर जाईल, उस्ताद फिटिंगचं काहीबाही बोटांनी करत राहतील, आणि गोष्ट झाकली राहील. हा माझा हिशेब. मी स्वतःला फार हुशार समजत असे.

तर शिकंजा आपणच करायचा ठरलं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, करायचा तर आधी लाकडी साचा पाहिजे. कुहीकडचा किसना सुतार आमचे साचे करायचा. उस्ताद म्हणाले, "किसनाले लिहून दे, बांक पाहिजे, छे इंची." मी ऐटीत चिठ्ठी लिहिली: 'मिलिंग मशीनसाठी एक बाक पाहिजे. लांबी ६. मजबूत असावा. घाई आहे.' गाडीवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली आणि आठ दिवस निश्चिंत झोपलो.

आठ दिवसांनी किसना सुतार स्वतः आला. गाडीतून दोघांनी मिळून काहीतरी उतरवलं. पाहतो तर काय! सागवानी बाक. बसायचा! सहा फूट लांब, पाठीला टेकण, पाय कातीव, वरून तेलपाणी केलेलं.

"किसना, हे काय आणलं गा?"

"बाक." किसना घाम पुसत म्हणाला. "चिठ्ठीत तुम्हीच लिहिलं ना जी. मशीनसाठी बाक. म्या म्हटलं, मशीन चालवणाऱ्याले बसाले पाहिजे असंन."

"अरे, सहा इंच म्हटलं होतं!"

"इंच कुठं लिहिलं जी? सहा लिहिलं. अन् सहा इंचाच्या बाकावर बसते कोण?"

उस्तादांना आधी कळेना. मी बाकावरून त्यांचा हात फिरवला. एक टोक, मग दुसरं टोक, मग टेकण. आणि मग ते जे हसायला लागले, की खाली बसले. सरळ त्या बाकावरच बसले. हिंदीतला बांक म्हणजे शिकंजा, मराठीतला बाक म्हणजे बाक. इतकी वर्षं उस्तादांची हिंदी मराठीत कालवून खाल्ली, आणि नेमका हाच एक खडा दाताखाली आला. बाकी सुतारकाम असं झकास होतं की अण्णांना परत पाठववेना. त्यांनी तो दाराशी ठेवला, आणि नंतर कित्येक वर्षं गिऱ्हाइकं त्यावर बसून आमच्याशी घासाघीस करत राहिली.

पण आठ दिवस पाण्यात गेले. आता साचा होणार, मग ओतकाम, मग ते थंड व्हायचं, छे! मी छाती ठोकून म्हणालो, "अण्णा, बिडाचं सोडा. लोखंडाचे तुकडे जोडून करतो. चार दिवसांत."

इतवारीत एका भंगारवाल्याकडे वकिलाच्या कचेरीतला जुना प्रेस मिळाला. पूर्वी पत्राची नक्कल काढायला कागद त्यात दाबून ठेवत. त्याचा मधला स्क्रू, चौकोनी आट्यांचा, जाडजूड, असा देखणा होता की मी भंगारवाल्यासमोर तोंड वाकडं करून उभा राहिलो, नाही तर त्यानं ओळखलं असतं. खाली बैठक म्हणून जाड लोखंडी पाटी घेतली. तिच्या एका टोकाला ठोकळा पक्का जडवला, तो स्थिर जबडा. दुसरा ठोकळा पुढेमागे सरकता, त्याला मागून तो स्क्रू. सांगायला एवढं सोपं. पण गंमत अशी की ठोकळे सरळ कापायला मशीन पाहिजे, आणि मशीनवर ठोकळे पकडायला शिकंजा पाहिजे, आणि शिकंजा तर अजून व्हायचाच आहे! शेवटी ठोकळे टेबलावरच पट्ट्या आणि बोल्ट लावून आवळले आणि कसेबसे कापून घेतले.

पाचव्या दिवशी शिकंजा मशीनवर चढवला. मी एक फालतू लोखंडी तुकडा पकडला, हँडल गच्च पिळलं, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मशीन सुरू केलं. कटर टेकलं मात्र, कडाड्! तुकडा उडून भिंतीवर आपटला आणि कटरचा एक दात गेला. मशीनबरोबर दोनच कटरं आली होती. तिसरं मिळायचं कुठून?

उस्ताद आले. शिकंज्यात तुकडा पकडायला सांगितला, सरकत्या जबड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पिळ." मी पिळलं. "फिर से." पुन्हा पिळलं.

"उठते." ते म्हणाले. "तू दाबून राहिला, अन् जबडा तोंड वर करून राहिला. तुकडा खालून सुटते."

"मग जास्त दाबू काय?"

"अबे, दाबल्यानं कोणी ऐकते काय? त्याले वर उठाले जागाच नको देऊ."

युक्ती त्यांचीच. सरकत्या जबड्याला दोन्ही बाजूंनी कान काढायचे, आणि त्या कानांवर दोन पट्ट्या पाटीला बोल्टांनी जखडायच्या. जबडा पट्ट्यांखालून सरकेल, पण उठणार नाही. मात्र पट्टी आणि कान यांच्यात पतंगाचा कागद जाईल एवढीही फट राहता कामा नये, आणि तरी तेलाच्या थेंबावर तो लोण्यासारखा सरकला पाहिजे. कानस इतकं बारीक काम करत नाही. तिथे पाटी, कान, पट्ट्या, सगळंच खरवडावं लागतं.

खरवडणं कसं असतं ते ऐका. एक पक्की सपाट गोष्ट घ्यायची. आमच्याकडे पानवाल्याच्या फुटलेल्या आरशाची जाड काच होती. तिला तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ फासायचा. त्यावर लोखंड उलटं ठेवून घासायचं. जिथे लोखंड उंच असेल तिथे रंग लागतो, खोलगट जागा कोरडी राहते. मग जुन्या कानशीला धार लावून केलेल्या खरवडणीनं नेमका तेवढा रंगाचा ठिपका खरवडायचा. पुन्हा फासा, पुन्हा घासा, पुन्हा खरवडा. असं शंभर वेळा, दोनशे वेळा. शेवटी सगळीकडे सारखे बारीक ठिपके उठले की लोखंड सपाट झालं.

शेंदूर आणायला मी गेलो. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या मारोतीले जी? एवढा लागते?" मी म्हटलं, "लोखंडाच्या." त्यानं भक्तिभावानं थोडा वर टाकला. घरी गेलो की माझे हात, सदरा, कान, सगळं शेंदरी. चार दिवस बायको गप्प राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "काय जी, शनिवार नाही काही नाही, अन् तुम्ही रोज मारोतीले जाऊन राहिले! एवढं पाप तरी कोणतं केलं?"

पण खरी अडचण शेंदराची नव्हती. खरवडायला हात पाहिजे, आणि तसा हात नागपुरात एकाच माणसाचा. पण रंग बघायला डोळे पाहिजेत! उस्तादांना तो ठिपका दिसणार कसा? मी सांगायचा. आणि अण्णांची लाकडी खोली तिथून चार पावलांवर. 'उस्ताद, डावीकडे वरच्या कोपऱ्यात खरवडा' असं मी दिवसभर सांगत बसलो, तर अण्णा काय बहिरे होते?

उस्तादांनीच तोड काढली. पाटीवर पंजा ठेवून हळूच म्हणाले, "सदा, ये अपना नागपूर. बीच में बर्डी. उप्पर सदर, नीचे अजनी. इधर इतवारी, उधर धरमपेठ. अन् ये कोनेवाला महाल. आता बोल, रंग कुठं आहे?"

मी बघितलं. "बर्डीवर रंग आहे. सदर साफ."

खर्र, खर्र. खरवडणी बरोब्बर बर्डीवर. मी खुशीनं उडीच मारली.

मग काय विचारता! सकाळपासून आमचं सुरू. "इतवारीत दाट आहे हो." "महालात थोडा." "अजनीत काहीच नाही, कोरडं ठणठणीत." "धरमपेठेत आत्ता आला." ते खरवडत, मी सांगत, आणि मध्येच ते कालच्या भाजीबद्दल बोलत, म्हणजे ऐकणाऱ्याला गप्पाच वाटाव्यात. बाकीच्या मिस्त्र्यांना वाटलं, हे दोघे शहरात कुठल्या तमाशाच्या जाहिराती लागल्या ते मोजतात. तिसऱ्या दिवशी अण्णा खोलीतून बाहेर आले.

"काय चाललं आहे रे? बर्डीवर रंग, महालात रंग! होळी होऊन सहा महिने झाले. काम करून राहिले की गावगप्पा?"

"काम करून राहिलो अण्णा," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

दोन दिवसांनी सगळीकडे सारखे ठिपके उठले. मी म्हटलं, "झालं उस्ताद, शहरभर सारखा रंग." त्यांनी हात पुसला, बोटाचं पेर पाटीवरून एकदाच फिरवलं आणि म्हणाले, "नाही झालं. इतवारी अन् महालच्या मधी अजून उंच आहे." मी म्हटलं, मला तर दिसत नाही. "तुले दिसत नाही." ते म्हणाले. "पुन्हा फास. पातळ." मी शेंदूर आणखी पातळ फासून घासला, आणि बघतो तर नेमक्या तिथे दोन ठिपके! माझे दोन्ही डोळे शाबूत होते, हे लक्षात घ्या.

ती बोटं मी शिकून घ्यायला हवी होती. उस्ताद रोज म्हणायचे, "बैस, बोट ठेव, आँख मूँद." मला घाई. माझं सगळं लक्ष मशीनच्या घरघरीत. पुढे चाळीस वर्षांत नाना तऱ्हेची मापकं वापरली, पण पेर फिरवून 'इथे उंच आहे' म्हणणं काही मला जमलं नाही. ही हळहळ आहे, ती आहे म्हणून सांगतो.

असो. पट्ट्या बसल्या. शिकंजा टेबलावर जखडला आणि शेवटी मशीनच्याच कटरनं स्थिर जबड्यावरून एक हलका हात फिरवून घेतला, म्हणजे तो त्या मशीनशी काटकोनात, अगदी जुळलेला. रंगरूप म्हणाल तर काळाकुट्ट, ओबडधोबड, चार जातींच्या बोल्टांचा. पण मला तर तो नवरदेवासारखा दिसत होता.

दसरा उजाडला. हत्यारांची पूजा झाली, मशीनला झेंडूची माळ, शिकंज्याला हळदकुंकू. गोविंदराव सांगितल्याप्रमाणे हजर. काटोलची माणसं वेळेची पक्की, विशेषतः तुम्ही तयार नसाल असं त्यांना वाटत असलं तर. मी दांडा शिकंज्यात धरला. धरताना जबडे आणि दांडा यांच्यामध्ये चारी टोकांना पतंगाच्या कागदाचे तुकडे अडकवून हँडल पिळलं. गोविंदरावांनी एक तुकडा ओढला. निघेना. दुसरा. निघेना. चौथा ओढला तर फाटून हातात आला, पण सुटला नाही.

मशीन सुरू केलं. मोडक्या दाताचं कटर बाजूला ठेवलं होतं, हे दुसरं, शेवटचं. कटर टेकलं. बारीक चुरचुर आवाज आला, तेलाचा वास, आणि दांड्यावर सरळ चकचकीत खाच उमटत गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या तासाच्या आत! गोविंदरावांनी चावी घातली. अंगठ्यानं गेली. दांडा उलटा धरून हलवला. पडली नाही.

सगळे ओरडले. अण्णांनी शिकंज्यावर वाकून ते खरवडलेले ठिपके पाहिले. "हे कोणी केलं?"

"उस्तादांनी," मी म्हणालो. गोष्ट तिथेच थांबवता आली असती तर!

गोविंदराव हात जोडून म्हणाले, "वाहवा उस्ताद! या वयात काय नजर आहे तुमची!"

गिरधारी उस्तादांनी आयुष्यात शिव्या पचवल्या, चटके पचवले. पण बोटांची शाबासकी डोळ्यांना गेलेली त्यांना पचली नाही. ते ताडकन उभे राहिले.

"नजर? कायची नजर साहेब? नजर तो दो दिवाली पहले गई! ये उंगली का काम है, उंगली का!"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

पूजेसाठी आणलेला नारळ अण्णांच्या हातात होता. तो तसाच धरून ते उस्तादांच्या समोर आले आणि त्यांच्या डोळ्यांपुढून हात हलवला. उस्ताद समोर बघत राहिले.

"सदा," अण्णा म्हणाले, "तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् ते बर्डीवर रंग, सदर साफ..."

"शिकंज्यावरचा रंग होता अण्णा. मी सांगत होतो, ते खरवडत होते."

अण्णांनी हातातला नारळ उस्तादांच्या हातात दिला.

हातात नारळ दिला म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगावं! माझ्यामुळे झालं हे. मीच झाकलं, मीच नाव सांगितलं. उस्तादांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, चाचपला, कपाळाला लावला. आवाज स्थिर होता. "ठीक है मालिक. चलता हूँ. सदा, मेरी छतरी दे."

"कुठं निघाले?" अण्णा ओरडले.

"घर."

"अन् नारळ कोण फोडते? मी? मशीन कोणी चालू केलं? फोडा तो!"

उस्तादांना काही कळेना. मला मात्र कळलं. मी त्यांचा दंड धरून त्यांना दगडापाशी नेलं. त्यांनी नारळ असा आपटला की पाणी गोविंदरावांच्या नव्या धोतरावर उडालं. सगळे हसले, आणि मी हसता हसता रडत होतो. ते मी लपवलंही नाही.

अण्णांनी मग सुनावलं, त्यांच्या रागीट आवाजात. "छिन्नी उद्यापासून बंद. ऐकलं उस्ताद? कोणाच्याच डोळ्यांवर मी आता भरवसा ठेवत नाही. इथून बाहेर जाणारा एकेक नग आधी तुमच्या बोटाखालून जाईल. तुम्ही हो म्हटलं तर गिऱ्हाइकाकडे, नाही तर परत. मग काम कोणाचंही असो."

दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळी आलो. गोविंदरावांचे दांडे रचून ठेवलेले. एक उचलला, शिकंज्यात धरला, शीळ घालत खाच पाडली. पुसली. अगदी आरसा! ऐटीत उस्तादांपुढे नेऊन ठेवला. म्हटलं, आपल्या माणसाचं काम आहे, बोट फिरवायचीही गरज नाही.

उस्तादांनी अंगठा खाचेत घातला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, मग उलटा आणला.

"किसका काम है?"

"माझं उस्ताद. सदाचं."

"एका बाजूनं बालभर चढा है. वापस."

"उस्ताद! अहो, मी आहे!"

"मालूम है. वापस."

मी तणतणत माप आणलं. मोजलं. पुन्हा मोजलं. चढा होता, केसभर. चाळीस दांड्यांतला पहिला नापास माझा! वर्कशॉपातले सगळे टाळ्या पिटत होते, अण्णा खोलीच्या दारात उभे राहून मिशीत हसत होते, आणि गिरधारी उस्ताद मान ताठ करून, पुढच्या नगासाठी हात पुढे करून बसले होते.